लैंगिक वागणं आवरत नसेल तर कोकणात राहून थेरपिस्ट कसा शोधायचा

स्वतःचं लैंगिक वागणं थांबवावंसं वाटतं आणि थांबत नाही, अशांसाठी हे लिहितोय. रात्र-रात्र पॉर्न बघणं, अनोळखी माणसांशी अश्लील चॅट, पैसे भरून व्हिडिओ कॉल, घरी खोटं सांगून लॉजवर जाणं, यातलं काहीही असो. मी देवगड तालुक्यातला. यातून गेलोय, थेरपी अजून चालू आहे. उपचार घेण्यापेक्षा उपचार देणारा माणूस शोधणं मला जड गेलं. इकडे विचारायचं तरी कुणाला? वाडीत एकाला कळलं की संध्याकाळी तिठ्यावर सगळ्यांना कळतं. म्हणून माझ्या हाती टप्प्याटप्प्याने जे लागलं ते त्याच क्रमाने देतोय. बायकांनाही हा त्रास होतो आणि त्या तर आणखीच गप्प राहतात. खालचं सगळं त्यांच्यासाठीही आहे.

१. त्रास नेमका कशाचा, ते आधी स्वतःशी नीट मांडा

जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात ‘कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर’ असं निदान आहे. लैंगिक उर्मी आवरता येत नाही, तेच वागणं परत परत घडतं, हे साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चालतं आणि त्यापायी तब्येत, काम, संसार मागे पडतो. त्यातून सुख मिळेनासं झालं तरी माणूस तेच करत राहतो. हे निदान व्यसनांच्या यादीत नाही, उर्मी आवरता न येण्याच्या विकारांत आहे. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत कुणी “तुम्ही सेक्स ॲडिक्ट आहात” असा शिक्का मारला तर सावध व्हा.

त्याच निदानात आणखी एक अट आहे. केवळ ‘हे पाप आहे’ अशी टोचणी लागून त्रास होत असेल तर तेवढ्यावर हे निदान करता येत नाही. आपल्याकडे ही अट फार महत्त्वाची. हस्तमैथुन हा आजार नाही. स्वप्नात वीर्य जाणं हा आजार नाही. पुरुषाला पुरुषाबद्दल किंवा बाईला बाईबद्दल ओढ वाटणं हाही आजार नाही. ते ‘बरं करून देतो’ म्हणणारी कन्व्हर्जन थेरपी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवली. तरीही या गोष्टींच्या अपराधी भावनेने झोप उडाली असेल तर थेरपिस्टकडे जरूर जा. फक्त तिथलं काम वेगळं असेल.

एक वही घ्या. कुणाच्या हाती लागायची भीती असेल तर फोनमध्ये लॉक लावून लिहा. कधी, किती वेळ, त्याआधी काय झालं होतं, नंतर कसं वाटलं. माझ्या वहीतली एक ओळ अशी: “मंगळवार, रात्री पावणेएक. भावाशी बागेच्या हिशोबावरून वाजलं. दीड तास. सकाळी पंपावर उशीर.” दोन आठवडे असं लिहिलं की पहिल्या भेटीत शब्द शोधत बसावं लागत नाही. थेरपिस्टलाही तुमची खरी अडचण पॉर्न आहे की झोप, दारू, राग की एकटेपणा, याचा अंदाज येतो.

२. आजच बोलायचं असेल तर

टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. “मला स्वतःच्या लैंगिक वागण्याचा त्रास होतोय” एवढंच सांगितलं तरी समोरचा पुढचे प्रश्न विचारतो. आठवड्याला बसून करायची थेरपी इथे मिळेल अशी अपेक्षा नको. पण जवळ कुठे जाता येईल हे विचारता येतं आणि मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर याच नंबरावर ताबडतोब बोला. ते विचार ठाम होत असतील तर फोनवर न थांबता घरच्या कुणाला तरी उठवा आणि सरळ रुग्णालय गाठा.

व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग दाखवून कुणी पैसे उकळत असेल तर एक पैसाही पाठवू नका, पुरावे पुसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. धमकीची ही भानगड आधी आटोक्यात आली की थेरपीत मन लागतं.

३. कुणाकडे जायचं: पाट्या सारख्या, माणसं वेगळी

*सायकियाट्रिस्ट*, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. एमबीबीएसनंतर एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेला डॉक्टर. औषध लिहून देऊ शकतो. माझं ठाम मत आहे की पहिली भेट यांचीच घ्यावी, कारण हे वागणं कधीकधी दुसऱ्याच आजाराचं लक्षण असतं. बायपोलर या मूडच्या आजारात मॅनिया, म्हणजे उन्मादाचा काळ येतो, तेव्हा लैंगिक वागण्याचा लगाम सुटतो. पार्किन्सनवरच्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांत अशी अनावर ओढ निर्माण होते. अ‍ॅरिपिप्रॅझोल या मानसिक आजारावरच्या गोळीबद्दलही तसा इशारा आहे. घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसाचं वागणं अचानक असं बदललं तर ‘म्हातारचळ’ म्हणून लाजेने झाकू नका. मेंदूच्या पुढच्या भागाच्या आजारात असं होतं, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि चालू असलेली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

*क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.* औषध देत नाही, थेरपी देतो. यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते आणि नोंदणी असलेल्याकडे सीआरआर नंबर असतो. तो मागायला संकोच करू नका. आरसीआयच्या वेबसाइटवर नाव टाकून तपासता येतो. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तशीच बघता येते.

*समुपदेशक.* काही फार चांगले आहेत. पण नुसती ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावायला कुणी अडवत नाही, हे ध्यानात ठेवा. मानसशास्त्रात एम.ए. आहे का, कुणाच्या देखरेखीखाली काम करतात, हे विचारा.

*सेक्सॉलॉजिस्ट.* या शब्दामागे एम.बी.बी.एस. एम.डी.पासून काहीच शिक्षण नसलेल्यापर्यंत कुणीही असतं. ताठरपणा, शीघ्रपतन, लैंगिक संबंधांत वेदना असा शारीरिक त्रास असेल तर पात्र डॉक्टर उपयोगी पडतो. वागणं आवरत नसेल तर सुरुवात इथून करू नका.

मला स्वतःला बरं जमलं ते असं: औषधासाठी एक सायकियाट्रिस्ट, महिन्या-दोन महिन्यांनी. बोलण्यासाठी एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आठवड्याला. दोघांना एकमेकांशी बोलायची परवानगी मी लिहून दिली आहे.

४. कोकणात कुठे

*सिंधुदुर्ग:* ओरोसचं जिल्हा रुग्णालय, आता तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रेल्वेने यायचं तर सिंधुदुर्ग नावाचं स्टेशन ओरोसलाच. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडच्यांना गोव्यातलं बांबोळी जवळ पडतं. तिथे आयपीएचबी ही फक्त मानसिक आजारांसाठीची सरकारी संस्था आहे आणि मराठी-मालवणीत बोलायला अडत नाही. गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क किती, ते आधी फोन करून विचारा.

*रत्नागिरी:* जिल्हा रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर आणि आपलं रत्नागिरी. त्याच्या नावानेच लोक बिचकतात. ओपीडीत दाखवून घरी येणं आणि भरती होणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. झोप येत नाही, भीती वाटते, दारू सुटत नाही म्हणून साधी कामधंद्याची माणसं तिथे येऊन दाखवून जातात. चिपळूण-गुहागर-संगमेश्वरवाल्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय सोयीचं, सावर्ड्याला उतरायचं.

*रायगड:* अलिबागचं जिल्हा रुग्णालय. पेण-पनवेलच्या पट्ट्यात राहत असाल तर ठाणे-मुंबई हाताशी आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे.

पॉर्न आणि मोबाइलच बाहेर पडू देत नसेल तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेचं ‘शट क्लिनिक’ हे नाव लक्षात ठेवा. तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर काम करणारं हे क्लिनिक २०१४ पासून आहे.

खर्चाचं: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, तिथे केसपेपरचे थोडे पैसे लागतात. जिल्हा रुग्णालयात मनोविकार ओपीडी रोज असेलच असं नाही. वार विचारल्याशिवाय पहाटेची एसटी पकडू नका.

५. प्रवासाआधीचा फोन

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. दिवसाची मजुरी बुडवून, घरी कारण सांगून, तीन तासांचा प्रवास करून गेल्यावर “आम्ही हे बघत नाही” ऐकायला मिळालं, तर माणूस परत कुठे जात नाही. मी गेलो होतो अशा एका ठिकाणी “लग्न झालंय ना? मग बायकोकडे लक्ष द्या” एवढं ऐकवून मला वाटेला लावलं. दहा मिनिटांचा फोन हे सगळं टाळतो.

काय बोलायचं तेच सुचत नाही, म्हणून वाक्यं देतो. तशीच्या तशी वाचलीत तरी चालेल.

रिसेप्शनवर: “मला डॉक्टरांची पहिली भेट हवी आहे. कारण खाजगी आहे, ते त्यांनाच सांगेन. कोणत्या वारी आणि किती वाजता?” याहून जास्त तिथे सांगायची गरज नाही. नावाने पुकारतात की नंबराने, तेही विचारून घ्या.

थेरपिस्ट स्वतः बोलत असतील तर: “माझं लैंगिक वागणं माझ्या हातात राहत नाही. पॉर्न आणि चॅट, दोन वर्षं झाली. तुम्ही अशा अडचणीवर काम करता का?”

मग हे विचारा:
- अशा किती जणांबरोबर काम केलंय, कोणत्या पद्धतीने?
- तुमचं शिक्षण आणि नोंदणी काय?
- एक सेशन किती वेळाचं, फी किती, न आल्यास पैसे लागतात का?
- आवाजाची किंवा व्हिडिओची नोंद ठेवता का?
- मी जे सांगेन त्यातलं काय तुम्हाला दुसऱ्याला सांगावं लागेल?

उत्तरांत ‘सीबीटी’ म्हणजे विचार-वर्तन उपचार, ‘ॲक्ट’ म्हणजे स्वीकार आणि बांधिलकीवर आधारलेली थेरपी, असे शब्द आले तर चांगलं. या पद्धती या अडचणीसाठी वापरल्या जातात. “तीन सेशनमध्ये मुळापासून घालवतो” असं कुणी म्हणालं तर आभार मानून फोन ठेवा. “हे मी पाहत नाही, पण अमुक ठिकाणी विचारा” हे मात्र प्रामाणिक उत्तर आहे, ते ठिकाण लिहून घ्या. आणि फोनवरच्या आवाजाकडे लक्ष द्या. तुम्ही ‘पॉर्न’ म्हणाल्यावर समोरचा हसला, गडबडला किंवा रागावला, तर खोलीतही तेच होणार.

६. ऑनलाइन थेरपी: गावात राहून

ओळखीचं कुणी वेटिंगरूममध्ये भेटेल ही भीती असणाऱ्यांसाठी ऑनलाइन हा खरा आधार आहे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर व्हिडिओवर तपासून औषधंही लिहून देऊ शकतात, काही औषधं वगळून. सायकॉलॉजिस्टबरोबरची बहुतेक सेशन मी अशीच घेतो.

अडचण दोनच, रेंज आणि भिंती. चिऱ्याचं घर असलं तरी पडवीतलं बोलणं माजघरात ऐकू जातं. मी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर जाऊन बसतो. तिथे रेंज येते पण वारा बोलू देत नाही, म्हणून जांभ्याच्या गडग्याच्या आडोशाला, वायरचा इअरफोन लावून. पावसात ते जमत नाही. तेव्हा ओळखीच्याची बंद खोली, गाडी असेल तर गाडीची काच वर करून, किंवा सरळ तालुक्याच्या गावी. व्हिडिओ अडकला तर नुसता आवाज चालेल का, हे थेरपिस्टशी आधीच ठरवून ठेवा. आंब्याच्या दिवसांत पेटी भरायच्या गडबडीत सेशन बुडतात; मार्च ते मेपर्यंतची वेळ फेब्रुवारीतच बदलून घ्या. मासेमारी करणाऱ्यांनी तसंच पावसाळी बंदीचे दिवस पकडावेत, तेव्हा हातात वेळ असतो.

७. सोबत काय न्यायचं

- आधार कार्ड, सरकारी केसपेपरसाठी
- जुने केसपेपर, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड
- चालू औषधांची पाकिटं, आयुर्वेदिक आणि ‘ताकदीच्या’ गोळ्यांसकट
- वहीतली पानं
- विम्याची कागदपत्रं. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायचं असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, पण बहुतेक पॉलिसी ओपीडीचे पैसे देत नाहीत. आधी विचारून घ्या.

८. पहिली भेट

सगळं एका दमात सांगायलाच हवं असं नाही. डॉक्टर झोप, दारू-तंबाखू, मूड, घरात कुणाला मानसिक आजार, आधीचे आजार, लहानपणी काही अत्याचार झाला का, हे विचारतील. लैंगिक तपशील विचारले तर कशासाठी हवेत ते विचारायची तुम्हाला मुभा आहे. मानसिक तक्रारीसाठी थेरपिस्टने कपडे काढायला सांगण्याचं, अंगाला हात लावण्याचं काही कारण नाही. तसं झालं तर उठून निघा. बाईला बाई थेरपिस्ट हवी असेल तर तसं स्पष्ट सांगावं.

या विकारावर नेमकं असं एकच मान्य औषध नाही. नैराश्य-चिंतेवरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या किंवा नाल्ट्रेक्सोन ही व्यसनांवरची गोळी काही रुग्णांत वापरतात, ते डॉक्टर ठरवतील. मेडिकलवाल्या मित्राकडून आणून खाऊ नका.

९. गुप्तता, आणि ती कुठे संपते

मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. नवरा-बायकोलाही तुमच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा याला अपवाद होतो.

मोठा अपवाद मुलांचा. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवावंच लागतं, थेरपिस्टलाही. हे मी आडपडदा न ठेवता लिहितोय, कारण मूल सुरक्षित राहणं आपल्या गुप्ततेहून मोठं आहे. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारे व्हिडिओ बघणं आणि जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं.

मनात मुलांबद्दल ओढ येते पण कृती केलेली नाही, असं कुणी हे वाचत असेल तर त्याला सांगतो: नुसता विचार मनात येणं हा गुन्हा नाही, आणि मदत मागायची वेळ हीच. मुलांबरोबर एकटं राहणं आजपासून बंद करा, सायकियाट्रिस्टची वेळ घ्या. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने बर्लिनच्या शारिटे रुग्णालयासोबत नेमक्या याच लोकांसाठी प्रतिबंधाचं काम हाती घेतलं, म्हणजे यावर काम करणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. एखादं मूल धोक्यात दिसत असेल तर १०९८.

१०. फसवणुकीच्या जागा

एसटी स्टँडच्या मुतारीतल्या भिंतींपासून यूट्यूबपर्यंत ‘गुप्तरोग, धातू, कमजोरी, शंभर टक्के गॅरंटी’ पसरलेलं आहे. लैंगिक ताकदीच्या औषधांच्या अशा जाहिराती करणं १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याने बंद आहे, म्हणजे जाहिरात करणारा तिथेच कायदा मोडतोय. कोर्सचे पैसे एकरकमी मागणारा, बिल न देणारा, गोळीवर नाव नसलेली पुडी देणारा, फोटो मागणारा, घरच्यांना सांगेन म्हणून दाब देणारा, या सगळ्यांना लांब ठेवा. देवाला गाऱ्हाणं घालायला माझी ना नाही, मीही घातलंय. पण कौल लावून गोळ्या थांबवू नका.

११. घरच्यांशी

जोडीदाराला कधी, किती सांगायचं हे थेरपिस्टबरोबर बसून ठरवा. रागाच्या भरात अर्धी रात्र सगळे तपशील ओतले तर तिला फक्त ते ओझं मिळतं. एक गोष्ट मात्र थांबून चालत नाही: बाहेर असुरक्षित संबंध आले असतील तर एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी दोघांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त असते.

आणि हे वाचणारी तुम्ही बायको असाल तर: त्याचा फोन तपासत राहणं म्हणजे उपचार नव्हे, आणि त्याच्या वागण्याला तुम्ही कमी पडलात असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. तुमच्यासाठी वेगळा थेरपिस्ट मागा. जबरदस्ती होत असेल तर १८१ हा महिलांचा नंबर.

१२. थेरपिस्ट बदलायचा कधी

चार-सहा सेशननंतर स्वतःला विचारा: मी खरं बोलतोय का? पुढच्या आठवड्यात काय करायचं हे मला कळतंय का? परत पाय घसरला तर सांगायची भीती वाटते का? गणपतीत किंवा शिमग्यात घर चाकरमान्यांनी भरलं की बऱ्याच जणांचा पाय घसरतो, आणि ते सगळे गेल्यावर घर रिकामं झालं की आणखी. चांगला थेरपिस्ट त्यावरून ओरडत नाही, त्या आठवड्यात काय काय झालं ते तुमच्याबरोबर उलगडून बघतो. ओरडणारा, दर वेळी उपदेश करणारा किंवा “पुरुषांचं चालतंच” म्हणून विषय संपवणारा असेल तर बदला. निघताना आपल्या नोंदींची प्रत मागून घ्या, त्याच २०१७ च्या कायद्याने तो तुमचा हक्क आहे. नव्या माणसाला ती दाखवली की पुन्हा सगळं मुळापासून सांगावं लागत नाही.